पिवळा पाना

तेल बदललंय. काल रात्रीच.
इद्रिस मुकादमनं अँटॉप हिलच्या गाळ्यात
पुठ्ठा अंथरून गाडीखाली पाठ सरकवली,
नट सैल केला, आणि काळं पाणी झालेलं तेल
रंगाच्या जुन्या डब्यात उतरवलं.
मला बोट बुडवायला लावलं.
"बघ ताई, चिकटपणाच राहिला नाय."
नवं मधासारखं पडत होतं.
फिल्टरचे म्हणून तीनशे जास्त घेतले
आणि बहिणीच्या लग्नाला म्हसळ्याला गेला.

आता पहाटेचे पावणेतीन.
शिवडीचा बर्फ कारखाना.
मागे अठरा लाद्या गोणपाटाखाली
आणि मीटरमध्ये पिवळा पाना पेटलेला,
काल होता तेवढाच पिवळा.

आमच्या घरी दिवा विझवत नाहीत.
मालवतात. नाहीतर नुसतं म्हणतात, शांत कर.
तेल संपलं की तो आपणहून जातो,
जायच्या आधी एकदा मोठा होतो.
हा उलटा.
तेल गेलं की लागतो, घातलं तरी जात नाही.
उभ्या जन्मात याला तेलाचा थेंब शिवलेला नाही.
याला किलोमीटर मोजता येतात, बस्स.
दहा हजार झाले की हात वर.

फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज.
इद्रिस डेगीपाशी जागाच होता.
"चावी अर्धी. इंजिन चालू नको करू.
ट्रिपचं बटण दाबून धर.
दहा मोज. घाई नको."

पहिल्यांदा घाई केली.
दुसऱ्यांदा सातवर असताना
केरबानं फळीवर थाप मारली,
"मॅडम, पाणी सुटलं!"
अंगठा निसटला.

तिसऱ्यांदा मोठ्यानं मोजलं,
कारखान्यात लाद्या मोजतात तसं.
तिथं पहिलीला कुणी एक म्हणत नाही.
लाभ. दोन. तीन. चार.
अंगठ्याचं नख पांढरं झालं.
नऊला पाना लुकलुकला,
दहाला गेला.
कुठं गेला, काही नाही. काळी काच,
आणि तिच्यात माझी हनुवटी.

ट्रिपला शून्य.
त्याच्या वरचा मोठा आकडा मात्र जागचा हलला नाही:
एक लाख अडतीस हजार चारशे बासष्ट.
त्याला बटण नाही.

उन्हाची झडप खाली ओढली.
गाडी भिवंडीहून घेतली तेव्हापासून
तिच्या पाठीवर कुणाचं तरी बॉलपेनचं अक्षर आहे.
चाळीस हजार एकशे बारा, तेल.
पन्नास हजार नव्वद, तेल.
साठ हजार एकशे चाळीस, तेल, आणि पुढे 'उधार'.
त्याच्याखाली एकदम एक्याण्णव हजार.
अक्षर तेच, शाई निळ्याची हिरवी.

मधले तीस हजार किलोमीटर
तो माणूस काय करत होता?
असाच बसला असेल कुठल्या तरी नाक्यावर,
चावी अर्धी, अंगठा बटणावर,
दहा मोजत.
पाना जात असेल.
गाडी निघत असेल.
खाली, जिथं कुणी बघत नाही,
लोखंडावर लोखंड.

नावं कशी ठेवू त्याला.
मे महिन्यात, बोटी महिनाभर किनाऱ्याला लागल्या
आणि हप्ता मात्र तारखेला लागला,
तेव्हा मीही नुसतं बटणच दाबलं असतं.
येत नव्हतं म्हणून तेल बदललं.

आता येतं.

खिशातलं पेन चालेना.
केरबाच्या कानावरची पेन्सिल मागितली,
हिरव्या शाईच्या खाली आकडा लिहिला,
पुढे तेल,
आणि थोडं थांबून, खरंच.

"काय लिवताय?" केरबा म्हणाला,
"हितं लादीची पाटी व्हायला लागली."

चावी पूर्ण फिरवली.
आवाज जरा मऊ वाटला, का मलाच वाटला.
धक्क्यापर्यंत मागे ओली रेघ पडत गेली.